गळकी मोटार आणि तिचे हकीम

आमच्या घरी मोटार होती आणि ती गळायची. माझ्या मुलांना हे सांगितलं की त्यांना वाक्याच्या पहिल्या अर्ध्याचंच कौतुक वाटतं. ‘म्हणजे तुमच्याकडे तेव्हा कार होती?’ असं विचारून मी एखाद्या नवाबाची लेक असल्यासारखं माझ्याकडे बघतात. मीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही. पण आमच्या घरात जो काही गोंधळ झाला तो सगळा वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यापायी. मोटार अंगणात उभी असे आणि तिच्या पोटाखाली तेलाचा काळपट डाग. अम्मी रोज सकाळी त्याच्यावर चुलीतली राख टाकून खराट्यानं घासायची आणि दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा जागेवर हजर. अम्मी म्हणायची, एवढ्या दिवसांत लहान मूलसुद्धा शिकलं असतं.

कुठल्याशा सरकारी खात्यानं लिलावात काढलेली ही मोटार एके काळी पांढरी असावी. चंद्रपुरात पांढरी वस्तू पांढरी राहत नाही. कोळशाची धूळ वाळत घातलेल्या ओढणीवर बसते, खिडकीच्या गजांवर बसते, दह्याला विरजण लावायला जरा उशीर झाला तर दुधावरही बसते, तिथं मोटारीची काय कथा. दारं चार होती, त्यांतलं एक उघडत नसे. हॉर्न उत्तम वाजायचा, पण डावीकडे वळताना आपोआप वाजायचा, त्यामुळे अब्बा नाक्यावरून कुठल्या बाजूला गेले हे मोहल्ल्याला घरबसल्या कळे. तरी अब्बांचा तिच्यावर जीव होता आणि त्याला तसंच कारण होतं.

माझे अब्बा रशीदभाई हे धाकटे, आणि त्यांचे थोरले भाऊ याकूबभाई म्हणजे आमचे बडे अब्बा. बडे अब्बांचं बाजारात पंपांचं आणि पाइपांचं दुकान होतं. अब्बांचं लग्न झालं, मी झाले, कॉलेजात जायला लागले, तोवर अब्बा त्या दुकानात उभे राहून गिऱ्हाइकांना नट-बोल्ट काढून देत होते. उभे राहून हे मुद्दाम सांगते. दुकानात स्टुलं होती, पण थोरला भाऊ गादीवर असताना धाकट्यानं बसायचं नाही ही आमच्याकडची रीत. संध्याकाळी घरी आले की अम्मी त्यांचे पाय कोमट पाण्यात ठेवायची. मोटार घेतली ती अब्बांनी, आपल्या साठवलेल्या पैशांच्या आणि अम्मीच्या दागिन्यांच्या जिवावर. कागदावर नाव मात्र चढलं बडे अब्बांचं, कारण आमच्या घरात घरपट्टीपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत सगळ्यावर थोरल्याचंच नाव असे. कोणी जबरदस्ती केली नव्हती, कोणाला दुसरं काही सुचलंच नव्हतं. मोटार भाड्यानं चालवायला लागल्यापासून अब्बा दिवसभर बसलेले असत. नुसतं बसायला मिळालं म्हणून एखादा माणूस इतका सुखी झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

ते बदली झालेल्या मास्तरांना सामानासकट घेऊन जात, दवाखान्यातून सुटलेल्यांना घरी पोचवत, वरातीत नवरदेव आणि त्याच्या तीन-चार रुसलेल्या आत्यांना कोंबून नेत. धानोरा, हेमलकसा, पार सिरोंच्यापर्यंत त्यांची फेरी असे. आमचं मूळ धानोऱ्याकडचं. त्यामुळे घरात भांडण हिंदीत सुरू व्हायचं आणि झाडी बोलीत मिटायचं. अब्बा लांबून आले की गाडीतून काय काय निघे: कुणी दिलेल्या चारोळ्या, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब, मोहफुलांची पुडी, एकदा तर जिवंत कोंबडा, जो उतरायला तयार नव्हता. अम्मी सगळं निमूट घरात घेई आणि मग अंगणात राख घेऊन जाई.

आता बडे अब्बांविषयी. बडे अब्बांना यंत्र म्हणून जे जे काही असतं त्यातलं सगळं कळायचं. शिलाई मशीन, सायकल, छताचा पंखा, शेजाऱ्यांचा टीव्ही, कशालाच ते नाही म्हणत नसत. त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू नंतर दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यावी लागे, पण ते गुपचूप. एकदा मोटारीचा तिसरा गिअर निसटायला लागला तेव्हा अब्बांनी गॅरेजचं नाव काढायच्या आत बडे अब्बा पान्यांची पिशवी घेऊन अंगणात हजर झाले. गिअर बॉक्स उतरला. अम्मीच्या भात वाढायच्या पराती पान्यांनी आणि दातेरी चाकांनी भरल्या. चहा, पान, पुन्हा चहा. गिअर बॉक्सच्या मागच्या टोकातून जो दांडा चाकांकडे जातो त्याच्याभोवती रबराची एक कडी असते, आतलं तेल आत ठेवायला. तिला ऑइल सील म्हणतात. गिअर बॉक्स परत चढवल्यावर तीही बडे अब्बांनी अंधारात गाडीखाली पडून नवी घातली, आपल्या दुकानातल्या पंपांच्या सीलांचा दाखला देत. गिअर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पहिला डाग पडला.

गिअर बॉक्स काल उघडला आणि तेल आज गळतंय, तर गळती कुठे शोधावी, हे कोणालाही सांगता आलं असतं. पण सरळ विचार करायलाही आमच्या घरात थोरल्याची परवानगी लागे. बडे अब्बांनी गाडीखाली न वाकताच निदान केलं की इंजिन गळतंय. झालं. दांड्यानं उडवलेलं तेल वाऱ्यानं गाडीच्या सगळ्या पोटाला फासलेलं असे, त्यामुळे कोणी काहीही म्हणावं आणि बोट काळं करून पुरावा दाखवावा. जुम्म्याच्या नमाजानंतर मोहल्ल्यातली मंडळी आमच्याकडे येत आणि मोटारीभोवती उकिडवी बसत. मी त्यांना हकीम म्हणायचे. एकानं मागच्या चाकांमधल्या मोठ्या गोळ्यावर बोट ठेवलं. एकानं ब्रेकचं तेल असणार म्हणून ते चाखून पाहिलं आणि नंतर बराच वेळ थुंकत बसला. एका सज्जनानं तावीज आणला, तो अब्बांनी आरशाला बांधला, तेव्हापासून आरसा खाली झुकून अब्बांना स्वतःचेच गुडघे दाखवू लागला. इंजिनचे बोल्ट आवळून झाले, इंजिनखालची पत्र्याची टाकी बदलून झाली, मागच्या गोळ्याचं झाकण चिकटवून झालं. गिअर बॉक्सकडे नजर गेली की सगळ्यांना एकदम घरची आठवण व्हायची.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि आपल्याला पुष्कळ कळतं अशी माझी समजूत होती. एकदा मी म्हणून बघितलं की गिअर बॉक्सच उघडून पाहू. बडे अब्बांनी चहाचा घोट संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “तू कॉलेजात बेडूक काप. मोटार आमच्यावर सोड.” मंडळी हसली. मी आत गेले आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कोणाला सांगावं लागू नये. ते हसणं मला अजून आठवतं, आणि अजून राग येतो. वय झालं की राग निवळतो म्हणतात. माझा काही निवळलेला नाही.

हिवाळा लागता लागता बडे अब्बांनी एक दिवस ओसरीवर बसून निकाल दिला. रमजान महिना तोंडावर होता. ते म्हणाले, “ईद होऊ दे. मंग हे डबडं कबाड्याले देऊन टाकू. तू दुकानात ये, रशीद. तिथी माणूस कमीच हाये.” अब्बा म्हणाले, “जी, भाईजान.” एवढंच. त्या रात्री अम्मीनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते, जे अब्बांना जिवापाड आवडत, आणि ते ताटात तसेच राहिले. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात धानोऱ्याचा एक ठेकेदार सगळा हंगामभर गाडी लावून घेणार होता. गाडी धड असेल तर, अशी त्याची अट. तसं झालं असतं तर अब्बा कायमचे सुटले असते. नाही तर ईदनंतर पुन्हा काउंटरमागे उभं राहणं, पुन्हा कोमट पाणी. मी त्यांच्या पायांकडे बघत बसले होते, हे मला आठवतं.

पुढचा प्रकार घडला तो धानोऱ्यात, आणि तो फक्त आमच्याच माणसांच्या हातून घडू शकतो. फूफी, म्हणजे अब्बांची बहीण, धानोऱ्याला राहायची. तिला भेटायला मी अब्बांबरोबर गेले होते. निघायच्या वेळी गाडी गिअरमध्ये टाकली तर आतून जात्यात खडे भरडावेत तसा आवाज. अब्बांनी गिअर बॉक्सच्या बाजूचा बोल्ट काढून आत बोट घातलं, ते कोरडं बाहेर आलं. तेल गळून गेलं होतं. गावात गिअरचं तेल ठेवणारा एकच दुकानदार, तो कुणाच्या तरी तेरवीला बाहेरगावी. फूफीला ही हकिकत समजली तेव्हा ती आत गेली आणि टोरीच्या तेलाचा डबा घेऊन आली. टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल आमच्या भागात भाजीला घालतात, दिव्याला घालतात, फुटलेल्या टाचांना चोळतात. फूफीचा तर सांधेदुखीपासून नजर लागण्यापर्यंत सगळ्यांवर त्याच्यावरच विश्वास. अब्बा जरा घुटमळले. फूफी म्हणाली, “काऊन भेतं? माणसाच्या सांध्याले चालते, तं मोटारीच्या सांध्याले काऊन नाई चालणार?” अब्बांनी डबा ओतला. गाडी चंद्रपूरपर्यंत लोण्यातून चालावी तशी आली.

आणि चमत्कार असा, की दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात डाग नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हता. नेमकं आम्ही धानोऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी बडे अब्बांनी इंजिनखालच्या फटीत कपडे धुवायचा साबण मळून बसवला होता. झालं, साबणाचा डंका वाजला. हकीम मंडळी पुन्हा जमली, वाकून वाकून कोरडी जमीन बघून गेली, आणि अम्मीला सगळ्यांसाठी शिरा करावा लागला. टोरीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, ही गोष्ट आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. पण मोटारीखाली बायकांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि अम्मीला कोणी विचारलं नाही. त्याच आठवड्यात दुपारच्या उन्हात अब्बा बल्लारपूरची फेरी करून आले, गाडी तापलेली होती, आणि अंगणात पाऊल ठेवताच तिनं साठवलेलं सगळं एकदम सोडलं. बडे अब्बा म्हणाले साबण हलक्या जातीचा होता.

अब्बांनी वरून पुन्हा टोरीचंच तेल भरलं. फूफीनं आणखी एक डबा बरोबर दिलाच होता. आणि रमजान सुरू झाला. आता टोरीचं तेल तापलं की त्याचा जो वास सुटतो तो तळणीचा. आमची मोटार रस्त्यानं गेली की कुणीतरी भजी तळत चाललंय असं वाटे. अब्बा दिवसभर उपाशी-तहानलेले, आणि सगळा दिवस कढईत बसून काढायचा. गिऱ्हाइकं विचारत, “रशीदभाऊ, डब्यात काय आणलं बाप्पा?” एका मास्तरीणबाईंनी तर सीटखाली वाकून पाहिलं. सूर्य बुडायच्या वेळी अब्बा घरी येत तेव्हा त्यांच्या कुर्त्याला वडापावच्या गाडीवाल्यासारखा वास असे, आणि मोहल्ल्यातली काही माणसं त्यांच्या रोज्याबद्दल शंका घेत असत, असं मला नंतर कळलं. अब्बा खजूर तोंडात टाकत, पाणी पीत, आणि लगेच मोटारीखाली नजर टाकत.

मग कुत्री यायला लागली. अम्मीचा कुत्र्यांवर भयंकर राग. अंगणात कुत्रं शिरलं की सगळं पुन्हा धुवायचं. पहिल्यांदा आळ आला तो सुमनबाईवर. सुमनबाई जवळच्या गावातली धीवरीण, तळ्यातले मरळ आणि वाळवलेले झिंगे टोपल्यात घेऊन दारावर यायची. अम्मी तिला म्हणाली की तुझ्या मासोळीपायी हे कुत्रे मागं लागलेत. सुमनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाई, माह्या टोपल्याले तं त्यायनं हुंगलंबी नाई. तुमच्या मोटारीखाली काय पुरून ठेवलं, ते पाहा.” आणि खरंच, ती येत नसे त्या दिवशीही कुत्री यायची. त्यांत एक पिवळं, कान फाटलेलं कुत्रं होतं. ते सगळ्यांत ज्ञानी. ते इंजिनाकडे जात नसे, मागच्या गोळ्याकडे जात नसे, सरळ मधोमध शिरून एकाच जागी मान वर करून चाटत राही. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेली असे आणि पुस्तकापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघे. एक दिवस मला लख्ख कळलं की ते काय करतंय.

टोरीचं तेल मोटारीत एकाच ठिकाणी गेलं होतं. इंजिनात नाही, मागच्या गोळ्यात नाही, फक्त गिअर बॉक्समध्ये. मग जिथं टोरीचा वास, तिथून गळती. मोहल्ल्यातल्या सगळ्या हकिमांना इतके दिवस जे सापडलं नाही ते त्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी सापडलं होतं, कारण त्याला बडे अब्बांची भीड नव्हती. घरात कोणी नव्हतं तेव्हा मी ओढणी कमरेला खोचली, पोत्यावर आडवी झाले आणि गाडीखाली गेले. तीन चिंध्या घेतल्या होत्या. इंजिनखालची चिंधी काळी झाली, पण तिला वास नव्हता. मागच्या गोळ्याखालची नुसती धुळीनं मळली. तिसरी चिंधी मी गिअर बॉक्सच्या मागच्या टोकाला लावली, जिथं ती रबरी कडी असते, आणि ती नाकाशी नेली तर फूफीचं स्वयंपाकघर.

संध्याकाळी मी अब्बांना आणि अम्मीला तिन्ही चिंध्या दाखवल्या. अम्मीनं तिसरी हुंगली आणि डोक्यावरचा पदर नीट केला, म्हणजे तिला पटलं. अब्बांनी चिंधी हातात घेतली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाले, “आता हे कोणाले सांगू नको.” मी म्हटलं, मग गॅरेजमध्ये नेऊन गुपचूप सील बदलून घेऊ. ते म्हणाले, “नाई.” का, तर नुसतंच नाई. मला त्यांचा असा संताप आला की मी पहाटे सहेरीच्या जेवणाला उठतच नव्हते, अम्मीनं हलवून हलवून उठवलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हणजे निदान एका उंदरात तरी दम हवा, आणि माझा बाप उंदराहून उंदीर आहे, असं माझं तेव्हा मत झालं. जन्मभर उभं राहायची ज्याला सवय, त्याला बसायला कोण शिकवणार, असंही मी मनातल्या मनात बोलले.

ईदच्या आधीच्या जुम्म्याला बडे अब्बा कबाड्यालाच बरोबर घेऊन आले. कबाडी म्हणजे भंगाराचा व्यापारी. ईदपर्यंत कशाला थांबायचं, असा बडे अब्बांचा विचार. नमाजाहून परतणारी मंडळी मागोमाग आली, कारण दुसऱ्याची वस्तू विकली जाताना बघायला आपल्याकडे माणसांना फार आवडतं. बडे अब्बांचा कुर्ता पांढराशुभ्र, अत्तराचा घमघमाट. कबाड्यानं बोनेटवर हात फिरवला, कसाई बकऱ्याच्या पाठीवर फिरवतो तसा. आणि त्याच वेळी ते पिवळं कुत्रं मोटारीखाली शिरून आपल्या जागी चाटायला लागलं. माझ्यानं राहवेना. मी ओसरीवरून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हटलं की गाडीत काही बिघाड नाही, कुत्रं जिथं चाटतंय तिथली सील तेवढी खराब आहे, आणि गाडीत टोरीचं तेल कुठे घातलंय ते अब्बांना विचारा. अम्मीनं दारातून माझा हात धरला तो इतका घट्ट की बांगडी रुतली.

सील कोणी बसवली होती हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एक-दोघांनी टोपी काढून पुन्हा घातली. बडे अब्बांचा चेहरा वीटकरी झाला आणि ते माझ्याकडे नाही, अब्बांकडे बघायला लागले. अब्बा पुढे आले, नेहमीसारखे वाकून, आणि इतक्या मऊ आवाजात बोलले की मला लाजेनं मेल्यासारखं झालं. “भाईजान, पोरीले काय समजते. मलेबी काई समजून नाई राह्यलं. तुम्हीच एकडाव खाली पाहा ना. तुमचा हात लागल्याबिगर या गाडीचं दुखणं कोणाले सापडणार नाई.”

आता एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार. पोतं अंथरलं गेलं. कुत्र्याला हाकललं गेलं. बडे अब्बा, पांढऱ्या कुर्त्यासकट, उताणे होऊन मोटारीखाली सरकले. बाहेर फक्त त्यांचे पाय राहिले. ते बराच वेळ आत होते. आत भजी तळल्याचा वास कोंडलेला आणि त्यांचा रोजा, त्यांचे जे हाल झाले असतील ते झाले असतील. पाय आधी हलत होते, मग हलायचे थांबले. मला वाटतं, त्याच घडीला त्यांनी ते पाहिलं. सील उलटी बसलेली होती, नंतर दांडा उतरला तेव्हा ती मीही पाहिली. विहिरीतल्या पंपात बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून ती जशी बसवतात, तशीच त्यांनी मोटारीत बसवली होती. बाहेरचं पाणी गिअर बॉक्समध्ये जाण्यापासून तिनं उत्तम अडवलं होतं. आतलं तेल बाहेर जायला मात्र वाट मोकळी.

बडे अब्बा बाहेर आले तेव्हा कुर्त्याच्या पाठीवर काळा नकाशा उमटला होता. पडलो तरी नाक वर म्हणतात, ते मी प्रत्यक्ष पाहिलं. त्यांनी हात पुसले, मंडळींवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “मी म्हटलंच होतं, मागून गळते म्हणून. सील नकली निघाली. आजकाल माल कसा येऊन राह्यला.” रोज्यात खोटं बोलू नये म्हणतात. ते इफ्तारपर्यंतही थांबले नाहीत. मंडळींनी माना हलवल्या, होय होय, माल फार नकली येऊन राह्यला. मी तोंड उघडलं तर अम्मीनं माझ्या पायावर पाय दिला. बडे अब्बांनी नवी सील आणायला कुणाला तरी बाजारात पिटाळायचं म्हटलं, तर अब्बा म्हणाले थांबा, आणि मोटारीच्या डॅशबोर्डाचा कप्पा उघडून कागदात गुंडाळलेली कोरी सील त्यांनी भावाच्या हातात ठेवली. माझं डोकं इतकं तापलं होतं की ती तिथं कशी आली हा प्रश्न मला पडलाच नाही.

दिवस मावळायच्या आत दांडा उतरवून नवी सील बसली, आणि या वेळी बडे अब्बांनी ती सुलटी बसवली, कोणाला दिसू नये म्हणून पाठ करून. गिअर बॉक्समधलं टोरीचं तेल काढून खरं तेल भरलं. कबाड्याला आमच्याकडेच इफ्तारला बसवलं. बडे अब्बा त्याला म्हणाले की आता हात लावू नको, ही गाडी सोनं आहे सोनं, दुखणं फक्त मला सापडायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मी राख घेऊन अंगणात गेली आणि तशीच उभी राहिली. जमीन कोरडी होती. ती थिजलेल्या तेलाची कोरडी नव्हती, दुपारीही कोरडीच राहिली, संध्याकाळीही. अम्मीनं राख पुन्हा चुलीत टाकली आणि भांडी घासायला बसली. नाक मात्र ओढत होती.

पुढं सगळा ईदभर बडे अब्बांची कथा गाजली. मशिदीच्या पायरीवर, दुकानात, शीरखुर्म्याच्या वाटीवर, ते गाडीखाली कसे गेले आणि नुसत्या बोटानं चाचपून नकली सील कशी ओळखली. दर खेपेला गळती मोठी होत गेली. धानोऱ्याचा ठेकेदार पंप घ्यायला दुकानात आला तेव्हा त्यांनी त्यालाही ऐकवली आणि वर सांगितलं की रशीदची गाडी डोळे मिटून लाव, मी स्वतः हात लावला आहे. ठेकेदारानं लावली. अब्बा समोर उभे राहून दर वेळी मान डोलवत. आणि मी जळत होते. सत्य माहीत असून ते गिळावं लागण्याइतकं कडू काही नाही, निदान त्या वयात तरी.

हंगाम लागला. फूफीकडे सुटीला जायचं म्हणून मी अब्बांच्या शेजारी बसून निघाले. धानोऱ्याच्या रस्त्याला दोन्हीकडे पानगळ झालेली, मोहाखाली बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या, आणि अब्बा बसलेले, हात स्टिअरिंगवर सैल, हलकेच काहीतरी गुणगुणत. तेव्हा मी सगळं बाहेर काढलं. म्हटलं, तुम्ही त्यांना एका शब्दानं सांगितलं नाहीत की सील त्यांनीच उलटी बसवली होती. सगळं श्रेय त्यांना देऊन टाकलंत, वर मान डोलवता. मला तुमची लाज वाटते, असंही म्हटलं. अब्बांनी गिअर बदलला, एका बैलगाडीला वाट दिली.

“मी सांगतलं असतं,” ते म्हणाले, “तं गाडी सुधरली असती, अन् त्यानं रागानं ते दुसऱ्या दिवशी इकली असती. कागद त्याच्या नावावर हाये, सलमा. आता त्यानं अख्ख्या चंद्रपुरात सांगतलं, गाडी सोनं हाये म्हणून. आता कोणत्या तोंडानं इकन?”

मग मला ती कागदात गुंडाळलेली कोरी सील आठवली. मी विचारलं, म्हणजे सील उलटी आहे हे तुम्हाला मी चिंध्या दाखवल्या तेव्हा कळलं, की त्याच्याही आधी?

अब्बा रस्त्याकडे बघत हसले.

“तो सील बसवून राह्यला होता ना,” ते म्हणाले, “तवा बाजूले पडून उजेडाले बॅटरी मीच धरली होती.”